मार, मजुरी आणि घराचा उतारा
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



घरात स्त्रीला होणाऱ्या मारहाणीची चर्चा आपल्या शिबिरांत बहुधा दारूपाशी सुरू होते आणि दारूपाशीच संपते. दारूचा वाटा कोणी नाकारत नाही. परंतु मार खाणारी स्त्री त्याच घरात परत का जाते, याचे उत्तर बाटलीत सापडत नाही. तिला दुसरे छप्पर नसते. मुलांना घेऊन माहेरी गेली, तर थोड्याच दिवसांत भावाच्या संसारात ती भार ठरते. मुलेही मग तो मार पाहत, पुष्कळदा खात, वाढतात.

हाताला काम मिळाले की हे थांबेल, असे अनेकांना वाटते. ऊसतोडीला जाणारी स्त्री पुरुषाइतकीच राबते. पण मुकादम नवराबायको मिळून एक कोयता धरतो आणि उचल सहसा नवऱ्याच्या हाती देतो. श्रम दोघांचे, पैसा एकाचा.

प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावे जमीन वा घर काहीच नव्हते, अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा मार सोसला होता. केवळ जमीन असलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के, केवळ घर असलेल्यांत १० टक्के, दोन्ही असलेल्यांत ७ टक्के. ज्या केरळच्या साक्षरतेचा दाखला आपण ऊठसूट देतो, तिथले हे आकडे आहेत!

२००५ च्याच कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला, मालकी नव्हे. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतका वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये. आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेऊन, साडीचोळी देऊन, आपण तो परत घेतो. शेतकरी संघटनेच्या अर्थकारणाशी आपले कधी पटले नाही. तरीही बायकोच्या नावे जमीन करून देण्याचा तिचा लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम केवळ त्यांचा म्हणून टाकून देण्याचे कारण नाही.

माझी सूचना साधी आहे. गावी परतल्यावर प्रत्येकाने आपला सातबारा आणि घराचा उतारा काढावा. त्यावर पत्नीचे नाव आहे काय? बहिणीचे नाव कधी कमी झाले? पुढील बैठकीत दारूबंदीचा ठराव मांडण्याआधी हे उतारे टेबलावर यावेत. पदाधिकाऱ्यांचे सर्वांत आधी.