कायद्यातील शब्द आणि वर्गातील मूल
(केंद्र शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेच्या पटावर मुलाचे नाव असते, हजेरीपत्रकात त्याच्यापुढे ‘हजर’ अशी नोंदही होत असते. आणि तरीही ते मूल वर्षभर वर्गाबाहेरच राहिलेले असते, असे पुष्कळदा घडते. कोणाला फळ्यावरील अक्षर दिसत नाही, कोणाच्या कानापर्यंत गुरुजींचा शब्द पोहोचत नाही, तर कोणाला शाळेच्या तीन पायऱ्या चढून येणेच शक्य नसते. अशा मुलाविषयी गावात बहुधा दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो, “बिचाऱ्याचे नशीब!” आणि कोणी म्हणतो, “मूलच मठ्ठ आहे.” कायद्याचे मत मात्र या दोहोंहून निराळे आहे. ते मूल शाळेत बसले आहे ते कोणाच्या दयेने नव्हे, तर स्वतःच्या हक्काने, असे कायदा म्हणतो. हे मत देशाच्या संसदेत कसे घडत गेले आणि कोणत्या शब्दांवरून तेथे वाद झाला, हे प्राथमिक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे. कारण त्या शब्दांचा अंमल अखेरीस त्याच्याच वर्गात व्हावयाचा असतो.

संसदेला अपंग व्यक्तींची ओळख उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. 1953 साली कलकत्त्यातील पोटनिवडणुकीत निवडून आलेले साधन गुप्ता हे लोकसभेचे पहिले अंध सभासद होत. व्यवसायाने ते वकील होते. डोळ्यांनी न दिसणारा मनुष्य देशाचे कायदे करण्यास समर्थ आहे, हे सभागृहाने तेव्हाच पाहिले होते. तथापि अपंग व्यक्तींच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा होण्यास पुढे चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. 1995 च्या अखेरीस, संघटनांनी दीर्घकाळ केलेल्या मागणीनंतर, समान संधी, हक्कांचे संरक्षण व संपूर्ण सहभाग यांविषयीचा अधिनियम संसदेने संमत केला आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून तो अमलात आला.

त्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली आणि सरकारी नोकऱ्यांत 3 टक्के जागा राखून ठेवल्या. पहिले पाऊल म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. परंतु ज्यांचे नाव त्या सातांच्या यादीत नव्हते, त्यांचे काय? स्वमग्न मूल त्या यादीत नव्हते. बुद्धीने चांगले असूनही अक्षरे वाचताना सतत अडखळणारे, म्हणजे अध्ययन-अक्षमता असलेले मूलही त्यात नव्हते. अशा मुलाचा बाप कोणत्या कलमावर बोट ठेवून शाळेकडे मागणी करणार?

पुढे 13 डिसेंबर 2006 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि 1 ऑक्टोबर 2007 रोजी भारताने त्यास मान्यता दिली. या कराराचा मुख्य विचार शिक्षकाने मनात ठेवण्याजोगा आहे. माणसाच्या शरीरातील उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांच्या संयोगातून अपंगत्व निर्माण होते, असे तो करार मानतो. ज्या मुलाला चाकाच्या खुर्चीवरून यावे लागते, त्याच्या पायांइतक्याच शाळेच्या पायऱ्याही त्याला अडवितात. पाय बरे करणे शिक्षकाच्या हाती नाही. परंतु उतार बांधून घेणे शाळेच्या हाती आहे.

करार मान्य केल्यावर जुना कायदा अपुरा ठरला. 2010 साली सुधा कौल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2011 साली तिने नव्या कायद्याचा मसुदा सादर केला. 7 फेब्रुवारी 2014 रोजी तत्कालीन सामाजिक न्याय मंत्री मल्लिकार्जुन खर्गे यांनी राज्यसभेत विधेयक मांडले. त्यानंतर काही महिन्यांतच लोकसभा विसर्जित होऊन निवडणुका झाल्या. लोकसभेत प्रलंबित असलेली विधेयके अशा वेळी रद्द होतात. परंतु राज्यसभेत मांडलेले आणि लोकसभेने अद्याप संमत न केलेले विधेयक जिवंत राहते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील हा रूक्ष वाटणारा नियम; त्याच्या आधारानेच हे विधेयक टिकले. नव्या शासनाच्या काळात ते स्थायी समितीकडे गेले आणि मे 2015 मध्ये समितीचा अहवाल आला.

विधेयक अखेर सभागृहापुढे आले ते 2016 च्या हिवाळी अधिवेशनात. नोटाबंदीच्या प्रश्नावरून त्या अधिवेशनाचे बहुतेक दिवस गदारोळात गेले होते. तरीही 14 डिसेंबर रोजी राज्यसभेने हा गदारोळ बाजूला ठेवला आणि मंत्री थावरचंद गेहलोत यांनी मांडलेले विधेयक दुरुस्त्यांसह संमत केले. 16 डिसेंबर रोजी, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, लोकसभेनेही त्यास संमती दिली. पक्षांचे मतभेद तीव्र असतानाही या एका प्रश्नावर सर्व बाजू एकत्र आल्या, ही गोष्ट संसदेस भूषणावह होय. परंतु एकमत झाले म्हणून वाद नव्हता असे नव्हे. त्या वादाचे चार मुद्दे मुख्य होते.

पहिला मुद्दा, या कायद्यात कोणाची गणना व्हावी. 2014 च्या विधेयकात 19 प्रकार होते, दुरुस्त्यांनंतर ते 21 झाले. आम्लहल्ल्याने विद्रूप झालेल्या व्यक्ती आणि कंपवाताचे रुग्ण यांची त्यात भर पडली. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन-अक्षमता यांना कायद्यात स्थान मिळाले.

दुसरा मुद्दा राखीव जागांचा. मूळ विधेयकात नोकऱ्यांसाठी 5 टक्के जागा सुचविल्या होत्या. अंतिम कायद्यात त्या 4 टक्के झाल्या. जुन्या 3 टक्क्यांहून ही वाढच होती; परंतु यादी सातावरून एकवीसपर्यंत वाढली असताना वाटा एकाच टक्क्याने वाढावा, हे अनेकांना पटले नाही.

तिसरा मुद्दा एका पोटकलमाचा. अपंगत्वाच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करता येणार नाही, असे तिसरे कलम सांगते. मात्र ते कृत्य उचित उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणशीर साधन आहे असे दाखविता आले तर गोष्ट वेगळी, अशी सवलतही त्यात आहे. या वाटेने भेदभावास पुन्हा प्रवेश मिळेल, अशी भीती अपंग व्यक्तींच्या संघटनांनी व्यक्त केली. ते पोटकलम कायद्यात राहिले आहे. ‘मात्र’ या एका शब्दाने हक्काचे वजन किती बदलते, हे व्याकरण शिकविणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

चौथा मुद्दा शिक्षेचा. कायदा मोडणाऱ्यास कारावासाचीही तरतूद मूळ विधेयकात होती. दुरुस्तीने ती काढून पहिल्या अपराधास 10 हजार रुपयांपर्यंत आणि पुढील अपराधास 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत दंड ठेवण्यात आला. मात्र अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर चारचौघांत अपमान करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची शिक्षा कायम राहिली. वर्गात व्यंगावरून हाक मारण्याची सवय ज्यांना आहे, त्यांनी हे कलम अवश्य वाचावे.

नावाचाही वाद झाला. शासनाने ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला आणि तो आता कागदोपत्री स्थिरावला आहे. परंतु दिव्यत्व नको, समान वागणूक हवी, असे म्हणून अनेक अपंग कार्यकर्त्यांनी त्यास हरकत घेतली. शिक्षकाने यातून एवढाच बोध घ्यावा की, मुलाला प्रथम त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी.

हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. आता शाळेशी थेट संबंध असलेल्या दोन कलमांकडे वळणे योग्य होईल. एकतिसाव्या कलमाने 6 ते 18 वर्षे वयाच्या, 40 टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. सोळावे कलम याहून व्यापक आहे. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, अंध व बधिर मुलांस योग्य त्या भाषेत व पद्धतीने शिकवावे, अध्ययन-अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, ही कर्तव्ये त्यात सांगितली आहेत; आणि तेथे 40 टक्क्यांची अट नाही.

हा भेद सूक्ष्म आहे, परंतु एखाद्या मुलाचे वर्ष त्यावर अवलंबून असते. “आधी प्रमाणपत्र आणा, मग पाहू,” असे उत्तर शाळेच्या दारात पालकांना मिळते, तेव्हा ते कायद्याला धरून नसते. प्रमाणपत्र शिष्यवृत्तीसाठी आणि सवलतींसाठी लागते. वर्गातील जागेसाठी ते लागत नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात तपासणीचा दिवस येईपर्यंत मुलाला घरी बसविणे म्हणजे त्याच्या शिक्षणाचे तेवढे दिवस कायमचे वजा करणे होय.

2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात अपंग व्यक्तींची संख्या सुमारे 2 कोटी 68 लाख होती. त्यांपैकी महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक होत्या. 5 ते 19 वर्षे वयाच्या अपंग मुलांपैकी सुमारे 61 टक्केच शिक्षणसंस्थेत जात होती. उरलेली मुले शोधावयाची तर प्रथम गावाच्या शिक्षकासच ती सापडणार.

शिक्षकांची अडचणही खरी आहे. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असतात, कागदपत्रे वाढत असतात आणि विशेष शिक्षक फिरत फिरत कधीतरी येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिक स्तरावर दहा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. ते प्रत्यक्षात यावे म्हणून मागणी करीत राहणे हे शिक्षकाचे कामच आहे. परंतु त्या मागणीची वाट पाहत वर्ग थांबत नाही. ज्याला कमी ऐकू येते त्याला पुढच्या रांगेत बसवावे आणि फळ्याकडे तोंड करून न बोलता त्याच्याकडे पाहून बोलावे. ज्याला कमी दिसते त्याच्यासाठी अक्षर मोठे काढावे व ते मोठ्याने वाचावे. जो वाचताना अडखळतो त्याला तोंडी विचारावे, वेळ अधिक द्यावा. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद कायद्यातच आहे. शंका येताच गटसाधन केंद्राकडे लेखी कळवावे आणि त्याची प्रत शाळेत ठेवावी. यांपैकी एकाही गोष्टीस स्वतंत्र अनुदान लागत नाही.

संसदेने दोन वर्षे दहा महिने एका विधेयकाचे शब्द तपासले, वाढविले, गाळले आणि अखेर संमत केले. तेथे झालेले काम मोठे आहे. परंतु ते कागदावर झालेले आहे. उद्या सकाळी प्रार्थनेनंतर हजेरी घेताना शिक्षकाने क्षणभर थांबावे. ‘हजर’ म्हणून लिहिलेले प्रत्येक मूल खरोखर वर्गात आहे काय, हे मान वर करून पाहावे. जे नसेल त्याच्यापाशी जाऊन बसावे. कायद्याचा अंमल तेथून सुरू होतो.