बादलीतला थेंब

एखाद्या गोष्टीचा तुटपुंजेपणा सांगावयाचा झाल्यास इंग्रज मनुष्य तिला 'ड्रॉप इन द बकेट', म्हणजे बादलीतला थेंब म्हणतो. या शब्दांचे मूळ बायबलात आहे. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी भाषांतरात, यशयाच्या ४० व्या अध्यायात, परमेश्वरापुढे सारी राष्ट्रे बादलीतल्या थेंबासारखी आहेत, असे म्हटले आहे. इंग्लंडात पुष्कळदा बादलीच्या जागी समुद्र येतो. आपणही 'दर्यामें खसखस' म्हणतोच.

मात्र वस्तू नुसती लहान असून येथे भागत नाही. गरजेच्या मानाने ती अपुरी असावी लागते. शंभर रुपयांत एका भुकेल्याचे जेवण होईल. इस्पितळाच्या इमारतीला मात्र तेच शंभर रुपये बादलीतला थेंब होत.

दुसरे तारतम्य अधिक नाजूक आहे. स्वतःच्या देणगीला थेंब म्हणणे हा विनय. दुसऱ्याच्या देणगीला तसे म्हणणे हा उपमर्द. आणि 'माझ्या थेंबाने काय होणार?' असे म्हणून हात आखडता घेणे, ही निव्वळ पळवाट. तळे थेंबाथेंबानेच साचते, हे आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.