पोरं पावनखिंडीच्या वाटेवर पाठवताना

मृग लागला, दाढीत टाकलेलं भात वर आलंय. आणखी काही दिवसांत तरवा काढायला होईल आणि घरोघर लावणीची धांदल सुरू होईल. नेमकं त्याच दिवसांत आपल्याकडच्या आठवी ते बारावीच्या काही मुलामुलींना पन्हाळा ते पावनखिंड अशा पायी मोहिमेला जायचंय. गेले दोन आठवडे गटाच्या बैठकीत हप्त्यांची वही बाजूला राहते आणि बोलणं याच विषयावर होतं. म्हणून आज आम्ही देवरूखच्या आसपासच्या बचत गटांतल्या आया मिळून यावरच बोलायला आलोय. आमच्यातल्या काहींची मोठी पोरं आधी जाऊन आली आहेत, काही जणी पहिल्यांदाच पाठवताहेत.

वाट कुठली, ते आधी सांगतो. १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, भर पावसात शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी शत्रूला अडवून धरलं. ती खिंड म्हणजेच पावनखिंड. कोल्हापूरकडच्या संस्था दरवर्षी जुलैत त्याच वाटेने मुलांना नेतात. आपण देवरूखहून साखरपा, आंबा घाट, मलकापूर, बांबवडे करत गाडीने पन्हाळ्याला जायचं आणि तिथून चालायचं. मसाई पठार ओलांडायचं, वाड्या-वस्त्या मागे टाकत, ओढे उतरत पांढरेपाण्यावरून खिंडीत पोचायचं. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, चालायचे दिवस दोन, मधला मुक्काम वाटेवरच्या एखाद्या वाडीत. जाण्यायेण्याचे धरून तीन-चार दिवस मोडतात.

आता पहिला प्रश्न घरातून येतो तो लावणीचा. चार दिवस दोन हात कमी म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आम्ही यावर एवढंच केलं, की ज्यांची पोरं जाणार त्यांच्या शेतात गटातल्या बाकीच्या एकेक दिवस जाणार. पडजी आपल्याकडे नवी नाही. आणि एक गंमत बघा, मुलगा जायचा असला तर लावणी आड येत नाही, मुलगी म्हटलं की घरातल्या सगळ्यांना लावणी आठवते. आमच्या यादीत मुलग्यांची नावं पहिल्याच दिवशी आली, मुलींची बैठकीत तीनदा विषय काढल्यावर.

मुलीची काळजी वाटते हे खरं आहे, ती नाटकी नाही. पण त्यावर उपाय तिला घरी ठेवणं हा नव्हे, मोहीम नेणाऱ्यांना नीट विचारणं हा आहे. आपण वारीला माणूस पाठवतो तेव्हा काय बघतो? दिंडी कितव्या नंबराची, चालक कोण, ट्रक कुठे थांबणार, मुक्काम कुठे, रात्री बायकांची सोय कशी. पताका पुढे, वीणा मागे, मधलं माणूस हरवत नाही. तेच इथे विचारायचं. किती मुलांमागे किती मोठी माणसं? सगळ्यात शेवटी कोण चालणार? त्यात बाई आहेत का, आणि त्या रात्री मुलींच्याच खोलीत झोपणार का? एखाद्या मुलाला किंवा मुलीला एकटं घेऊन कुणी मोठं माणूस बाजूला जाणार नाही, असा नियम आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते. तरी विचारा. चांगला नेता त्याचा राग मानत नाही, उलट उत्तर तयार ठेवतो. २०२१ साली राज्य शासनाने साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं आहे. तुमची नोंदणी आहे का, प्रथमोपचार शिकलेलं माणूस बरोबर कोण, हेही विचारून टाका.

आणि एक प्रश्न आम्ही सगळ्यात वर ठेवला: ओढ्याला पाणी चढलं तर काय करणार? कुणी म्हणालं, काही होत नाही हो, दरवर्षी जातो, तर आम्ही तिथेच सावध झालो. आमच्या पोरांना नेणाऱ्या सरांनी सांगितलं की, गुडघ्याच्या वर ओढ असेल तर उतरायचं नाही, अलीकडच्या वाडीत थांबायचं, गाडी बोलवायची, खिंड बघायची राहिली तर राहिली. हे ऐकून आम्हाला बरं वाटलं. परत फिरायची तयारी असलेल्या माणसाबरोबर पोर पाठवायला भीती कमी वाटते.

आता फॉर्मचं बोलू. सगळ्यात जास्त वेळ आमचा इथेच गेला.

फॉर्मवर एक चौकट असते: काही आजार, काही औषधं चालू आहेत का. तिथे आपण काय लिहितो? ‘नाही’. डोळे झाकून ‘नाही’. आमच्यातल्या एकीच्या मुलीला फिट येते. तिच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता सांगतोय. मुलगी चालायला तरबेज, शाळेला रोज तासभर चढउतार करून जाते. दोन वर्षांपासून गोळी चालू आहे, दीड वर्षात एकदाही फिट आलेली नाही. आई फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, हे लिहिलं तर नेणार नाहीत, आणि कागदावर आलं की उद्या स्थळ बघताना गावभर होईल. तिचं खोटं नव्हतं. आपल्याकडे फिट म्हटलं की लोक चार पावलं मागे सरतात, आणि मुलगी असली तर आठ.

पण विचार करा. ओढा ओलांडताना, कड्याच्या कडेने चालताना, लोखंडी शिडीवरून खिंडीत उतरताना झटका आला आणि बरोबरच्या कुणालाच माहीत नाही, तर ते काय करतील? कांदा हुंगवतील, चप्पल नाकाशी धरतील, दातात चमचा घालतील. यातलं काहीही करायचं नसतं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, आजूबाजूचे दगड दूर करायचे, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन. एवढं माहीत असलेलं एक माणूस शेजारी असलं तर फरक पडतो. आणि फिट येण्याची मोठी कारणं म्हणजे गोळी चुकणं आणि झोप कमी होणं. मोहिमेत नेमकं हेच होतं. पोरं रात्री दोनपर्यंत गप्पा मारतात, गोळी पिशवीच्या तळाशी राहते.

दोन बैठका याच्यावर गेल्या. शेवटी ती आधी डॉक्टरांकडे गेली, मुलीला बरोबर घेऊन. डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं लिहून दिलं, गोळीची वेळही लिहिली. मग ती सरांना एकटी भेटली. फॉर्म सगळ्यांच्या हातातून फिरणार नाही, दोनच माणसांना माहीत असेल, हे तिने कबूल करून घेतलं. गोळ्या दोन ठिकाणी ठेवायच्या ठरल्या, अर्ध्या मुलीकडे, अर्ध्या बाईंकडे. ओढ्यात आणि शिडीवर कुणीतरी मोठं तिच्या हाताशी राहील. नऊ वाजता तिने झोपायचं. मुलगी म्हणाली, झोपेन, पण पोरींना कारण सांगायचं नाही. ते तिला ठरवू दे, आम्ही त्यात पडलो नाही.

दमा असला, कानात पाणी जाऊन दुखत असलं, मधमाशी चावल्यावर अंग सुजत असलं, रात्री अंथरूण ओलं होत असलं, तरी हेच. लिहा. लिहायला लाज वाटत असेल तर तोंडी सांगा, पण सांगा. सरांनी ‘या खेपेला नको’ म्हटलं तर तेही ऐकून घ्यायचं, कुठून तरी वशिला लावायचा नाही.

पाळीचं मुलींशी आधीच बोला. तारीख येत असेल तर परस्पर गोळी घेऊन पाळी पुढे ढकलू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच. पॅड असोत की घडीचं कापड, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून द्या. वापरलेले पॅड वाडीतल्या ओढ्यात किंवा कुणाच्या शेतात टाकायचे नाहीत. कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीतून परत आणायचे. ज्या वाडीत पोरं झोपणार तिथलं पाणी तिथल्या बाया भरतात, हे आपल्या पोरींना पटकन कळतं.

पिशवीचं आता. आपली पोरं पावसात वाढलेली आहेत, दिवसभर चिखलात तरवा लावतात. म्हणून आपल्याला वाटतं, पावसाचं काय विशेष! फरक असा की लावणी करून माणूस घरी येतं, चुलीपाशी बसतं, कोरडं नेसतं. पठारावर चूल नाही. मसाई पठारावर वारा अंगातून आरपार जातो, धुक्यात पुढचं माणूस दिसत नाही, आणि ओल्या अंगाला वारा लागला की जुलैतसुद्धा माणूस गारठतं. एखादं पोर सारखं कुडकुडायला लागलं, बोलताना जीभ जड झाली, हातातलं बटण लागेना, तर ते दमलंय म्हणून चालवत न्यायचं नाही. आडोसा, कोरडे कपडे, गरम गोड चहा.

म्हणून कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा ठेवायचा. झोपण्यापुरता. तो चालताना घालायचाच नाही. सकाळी पुन्हा ओले कपडे अंगावर चढवायचे. नको वाटतं, शहारा येतो, पोरं कुरकुरतात, तरी तेच करायचं. सकाळी कोरडा जोड घातला तर तासाभरात तोही ओला, मग रात्री काय घालणार? हे आधी जाऊन आलेल्या आमच्याच पोरांनी आम्हाला सांगितलं. हा जोड आणि पांघरूण खताच्या किंवा पिठाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बांधायचं, मग ती पिशवी सॅकमध्ये. सॅकवरचं कव्हर पाणी थांबवतं असं कुणी सांगितलं तर मान हलवा आणि आतली पिशवी बांधाच. जीन्स द्यायची नाही, भिजली की शेरभर जड होते आणि मांड्या सोलून काढते. आपली खोळ डोक्यावरून घेतली की सॅकही झाकते, रेनकोटापेक्षा आम्हाला तीच आवडते. पोरांना नाही आवडत.

सगळं मिळून वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आसपास ठेवा. चाळीस किलोच्या पोरीला चार किलो. बूट नवे नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत. मोजे तीन जोड, खोबरेल तेलाची छोटी बाटली, शिट्टी, बॅटरी.

खाऊ बाजारातला कशाला? नाचणीचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, तिखटमिठाच्या पुऱ्या, आंबापोळी. आम्ही विकतोच की हे मुंबईकरांना! आमसुलं जरूर द्या. पाणी प्यायची आठवण पावसात राहत नाही. एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पोरांकडून पाठ करून घ्या.

जळवा लागतात, त्याने काही होत नाही, नखाने बाजूला सरकवायची. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलवू न देता उचलून दवाखाना गाठायचा. आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना ‘चिखलपाण्यातून चालून आलाय’ हे आपणहून सांगा. लेप्टोचा ताप आपल्या कोकणाला नवा नाही. लावणी करणाऱ्या आपल्यालाही हे लागू आहे.

फोनबद्दल एक. वाटेत बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. रात्री मुक्कामावरून सर एक निरोप पाठवतील, तो एकीने घ्यायचा आणि बाकीच्यांना कळवायचा, असं ठरलंय. प्रत्येकीने वीस-वीस वेळा फोन लावून पोरांची बॅटरी संपवायची नाही. त्या दोन रात्री झोप लागणार नाही, ते धरूनच चालू.

चालायचा सराव सुरू झालाय. वाडीतली पाखाडी, पाठीवर सॅक घेऊन, आठवड्यातून तीनदा. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, मग आठ, मग बारा. शेवटच्या आठवड्याआधी दोन दिवस लागोपाठ चालायचं, कारण कस लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पाय आखडलेले असताना. येत्या रविवारी मारळला जाऊन मार्लेश्वरच्या पायऱ्या चढायच्या आहेत, भरलेल्या सॅकसकट. सहाच्या एसटीने निघायचं, डबा आपापला. आमच्यातल्या चौघी पोरांबरोबर चढणार आहेत, आणखी कुणाला यायचं असेल तर शनिवारपर्यंत गटात सांगा. ज्यांचे फॉर्म अजून कोरे आहेत त्यांनी ते रविवारी बरोबर आणा. पायऱ्या चढून झाल्या की वर बसून भरू.