कर्म ही धर्म : एका सैनिकी बोधचिन्हाचा अर्थ

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



सैन्य म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो सीमेवर शस्त्र रोखून उभा असलेला जवान. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याचे शस्त्र, त्याला वाहून नेणारी गाडी आणि त्याच्या पुढे चालणारा रणगाडा सतत सज्ज ठेवणारे हात सहसा कोणाला आठवत नाहीत. ते हात आहेत भारतीय सैन्याच्या ‘इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ अर्थात ईएमई दलाचे. दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे झपाट्याने यांत्रिकीकरण झाले आणि दुरुस्तीची विखुरलेली कामे एका छत्राखाली आणण्याची निकड भासली. त्यातून १९४३ साली हे दल उभे राहिले. १५ ऑक्टोबर हा त्याचा स्थापनादिन.

या दलाचे बोधचिन्ह पाहावे. पृथ्वीच्या गोलावर उसळलेला एक घोडा, त्याच्या गळ्यात साखळी, पाठीमागे चमकणारी वीज आणि शिरोभागी अशोकस्तंभाचे सिंह. घोडा हे यंत्रशक्तीचे प्रतीक; इंजिनाची ताकद आजही ‘अश्वशक्ती’तच मोजली जाते. वीज म्हणजे विद्युत-अभियांत्रिकी. पृथ्वीचा गोल कार्यक्षेत्राची व्याप्ती सांगतो. मात्र या चिन्हाचे मर्म त्या साखळीत आहे. शक्ती मोकाट सुटली तर विध्वंस करते. संयमाने बांधली तरच ती राष्ट्राच्या कामी येते.

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. हा घोडा, ही वीज, हा गोल ब्रिटिश सैन्यातील समकक्ष दलाच्या चिन्हावरही आहेत. आपल्या संदेशवहन दलाच्या चिन्हावर तर रोमन पुराणातला देवदूत मर्क्युरी आहे. स्वतंत्र भारताने हे ओझे का वाहावे? प्रश्न रास्त आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नौदलाच्या ध्वजावरून सेंट जॉर्जचा क्रॉस उतरला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरित अष्टकोन त्यावर आला, तेव्हा प्रत्येक भारतीयाचा ऊर अभिमानाने भरून आला. तो क्रॉस परसत्तेची खूण होता. पण शक्ती आणि संयम यांच्यावर कोणत्या परसत्तेची मालकी आहे? चिन्हावरचा राजमुकुट गेला, तेथे अशोकाचे सिंह आले आणि खाली ब्रीद उमटले – ‘कर्म ही धर्म’. कर्मयोगाचा संस्कार लाभलेल्या समाजाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जे दास्य सांगते ते टाकावे. जे अर्थ सांगते ते आपलेसे करावे.

हे ब्रीद किती खरे आहे, याची साक्ष झोजी खिंड देते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे शत्रूपुढे अवतरले. ते तेथवर पोहोचले कसे? वाटेतले पूल कमकुवत, म्हणून रणगाड्यांचे वरचे बुरूज उतरवून ते गुप्तपणे पुढे नेण्यात आले; मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या पायवाटेचा रस्ता केला. शत्रूने रणगाडे पाहिले. पाने आणि हातोडे त्याला दिसलेच नाहीत. लढाई मात्र तेथेही लढली गेली होती.

बडोद्याच्या ईएमई स्कूलच्या आवारात दक्षिणामूर्तीचे मंदिर आहे. १९६६ साली उभ्या राहिलेल्या या मंदिराला ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे आच्छादन आहे. त्याची कल्पना ब्रिगेडियर ए. एफ. युजीन या ख्रिस्ती अधिकाऱ्याची. कारागीर ज्या धातूशी रोज झुंजतो, त्याच धातूतून ज्ञान देणाऱ्या शिवाचे मंदिर साकारावे, यापरते ‘कर्म ही धर्म’चे भाष्य कोणते?

खंडेनवमीला महाराष्ट्रातील घराघरांत अवजारांची पूजा होते. यंदा पाटावर पाना आणि हातोडी मांडताना मुलांना या घोड्याची कथा अवश्य सांगावी. वीरचक्र मिळालेल्यांची नावे त्यांना पाठ असावीतच. पण बर्फात उताणे पडून गाडीखाली काम करणारा, कुठल्याही वृत्तात नाव न आलेला जवानही त्यांना वीर वाटला पाहिजे. ज्या दिवशी तसे वाटेल, त्या दिवशी ते बोधचिन्ह खऱ्या अर्थाने आपले होईल.