पारखून घेतलेला विश्वास

केमहून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

आपलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. कुंकू घेताना आपण चिमूटभर हातावर चोळून बघतो. मग कुणी देवाधर्माची गोष्ट सांगितली, तर नुसती मान डोलवायची का? येशूच्या शिकवणीबद्दल गावोगाव दोन बोलणी ऐकू येतात. कुणी म्हणतं, तिकडं जाणारे आमिषानं जातात. कुणी म्हणतं, पटल्याशिवाय माणूस एवढी निंदा सोसेल का? म्हणून आज पंडिता रमाबाईंची हकिकत सांगतो.

केमच्या स्टेशनावरून पुण्याकडं निघालं, की दौंडच्या पुढं केडगाव लागतं. तिथं रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या आईनं लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई पुराण सांगायच्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हणून गौरवलं. म्हणजे ही बाई भोळी नव्हती.

नवरा गेला, पदरात लहान मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथं समाजानं टाकलेल्या बायकांना जोगिणी मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. असं का करता, हे त्यांनी विचारलं. तेव्हा विहिरीवरची गोष्ट कळली. शोमरोनी बाईच्या हातचं पाणी येशूच्या जातीचे लोक पीत नसत. येशूनं तिच्याकडंच पाणी मागितलं आणि तिच्याशी मानानं बोलला. पाणवठ्यावरचा भेदभाव काय असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. जोगिणींशी पत्रांतून वाद घातला. एका धर्माच्या पुरोहितांची सत्ता सोडून दुसऱ्यांची मान्य करायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आधी फक्त धर्म मिळाला, मनाला आधार मिळाला तो कैक वर्षांनी, हे त्यांनी स्वतःच पुढं लिहून ठेवलं. विश्वास एका दिवसात पक्का होत नाही, तो असा.

१८९३ साली पुण्यात त्यांच्या शारदा सदनावर वादळ उठलं. विधवा मुलींना ख्रिस्ती धर्माकडं ओढतात, असा आक्षेप आला. सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले, कित्येक मुली घरी नेल्या गेल्या. आक्षेपामागचा प्रश्न आजही खरा आहे: जिच्या हातचं आपण खातो, तिला ‘नाही’ म्हणायची मोकळीक आपल्याला असते का?

पुढं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला वाचता यावं, म्हणून बायबल सोप्या मराठीत आणलं. केडगावच्या बायकांनीच खिळे जुळवून छपाई केली. काम संपवून १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या.

मैत्रिणींनो, यातून आम्ही चार गोष्टी गाठीला बांधल्या. कोणताही धर्म असो, सांगणाऱ्याला प्रश्न विचारलेले चालतात का, ते बघा. त्याचं बोलणं आणि वागणं जुळतं का, ते बघा. ग्रंथ स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर पुरता वाचून घ्या. आणि कुणी ‘औषध बंद कर’ किंवा ‘पैसे आण, नाहीतर कोप होईल’ म्हणालं, तर तिथून उठा. भीती घालून मिळवलेला होकार म्हणजे विश्वास नव्हे.

एवढं पारखून आपल्या गटातल्या एखादीला येशूची शिकवण खरी वाटली, तर तिचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद करू नका. यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. आणि एखादीला नाही पटली, तर तिच्याही मागं लागू नका. पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.