बुद्धिबळपटू चुकतात का?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या अभ्यासिकेत बुद्धिबळाचे पट आल्यापासून संध्याकाळी मुलांची चांगली गर्दी होते. तिथे एक वाक्य वारंवार कानावर पडते. हातातला डाव एका खेळीने गेला, की मुलगा उठतो आणि म्हणतो, "हे आपलं काम नाही, याला डोकं लागतं." या वाक्याची मला काळजी वाटते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

आधी थोरांच्या चुका पाहू. २००६ साली जर्मनीतील बॉन शहरात जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' या संगणकीय प्रणालीविरुद्ध खेळत होता. दुसऱ्या डावात त्याने वजीर हलवला आणि पुढच्याच खेळीला त्याच्यावर मात झाली. एका खेळीतली मात नवशिक्यालाही दिसते. क्रामनिकपाशी वेळही भरपूर होता. ती खेळी आपण पाच खेळ्या आधीच ठरवली होती आणि मध्ये पुन्हा पुन्हा तपासली होती, असे त्यानेच नंतर सांगितले. म्हणजे तपासणी झाली, पण ती स्वतःच्या बेताची झाली. समोरचा काय करू शकतो, हा प्रश्न राहून गेला.

दुसरे उदाहरण २०१४ सालचे, रशियातील सोची येथील जगज्जेतेपदाच्या लढतीचे. सहाव्या डावात मॅग्नस कार्लसनने सव्विसाव्या खेळीला राजा चुकीच्या घरात नेला. आपल्या विश्वनाथन आनंदला घोड्याने प्यादे मारून डाव फिरवता आला असता. पण आनंदने आधीच मनात असलेली प्याद्याची खेळी केली आणि संधी निसटली. कार्लसनसारखा खेळाडू अशी चूक करील, अशी अपेक्षाच नव्हती. आणि ज्याची अपेक्षा नसते ते समोर असूनही दिसत नाही.

असे का होते? मेरिम बिलालिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या खेळाडूंना एक डाव दिला. त्यात मात करण्याचा एक ओळखीचा मार्ग होता आणि एक अनोळखी पण त्याहून जवळचा. खेळाडूंना ओळखीचा मार्ग लगेच सापडला. "याहून चांगले काही आहे का, ते शोधतो आहोत," असे ते म्हणत होते. परंतु यंत्राने नोंदलेली त्यांची नजर त्या पहिल्या मार्गाच्याच घरांवर घुटमळत होती. ओळखीचा मार्ग बंद केल्यावर मात्र जवळचा मार्ग सापडला. तात्पर्य, चूक नेहमी अज्ञानातूनच होते असे नाही. पुष्कळदा आपल्या ज्ञानाचीच सवय डोळ्यांवर झापड आणते.

याला थकवा आणि घड्याळ येऊन मिळतात. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला लढतीच्या शेवटच्या डावात जगज्जेता डिंग लिरेन बरोबरीच्या स्थितीत होता. तासन्तास झुंज दिल्यावर पंचावन्नाव्या खेळीला त्याने हत्ती अशा घरात नेला, की हत्ती आणि उंट दोन्हींची मारामारी होऊन केवळ प्याद्यांचा हरलेला शेवट उरावा. अठरा वर्षांच्या गुकेशने ते हेरले आणि तो जगज्जेता झाला.

मग उपाय काय? बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासतो, कारण लिहिणाऱ्याला स्वतःचे लिहिलेले बरोबरच दिसते. पटावर तो दुसरा माणूस नसतो. तो आपणच व्हावे लागते. प्रतिस्पर्ध्याने खेळी केली, की आधी विचारावे: याने काय बदलले? आपली खेळी ठरली, की सोंगटीला हात लावण्यापूर्वी क्षणभर त्याच्या बाजूने पट पाहावा. शह कुठून बसतो, काय मारले जाते, हे बघावे. हरलेला डाव घरी पुन्हा मांडावा आणि नजर कुठे अडकली ते शोधावे. भगवान बुद्धांनी अष्टांगिक मार्गात सातवे अंग सम्यक स्मृती सांगितले. समोर जे आहे ते जागेपणाने पाहणे, ही त्याची साधी ओळख. पटावर आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसमोर हीच सवय कामी येते.

आता पालकांसाठी एक शब्द. क्रामनिकला एका खेळीतली मात दिसली नाही, म्हणून त्याला बुद्धी नाही असे कोणी म्हटले नाही. आपल्या मुलाकडून मात्र चूक झाली, की "अक्कल नाही" हा शिक्का घरातूनच बसतो. बुद्धी तुमच्या वाट्याची नाही, असे आपल्या समाजाला पिढ्यान्पिढ्या ऐकवले गेले. बाबासाहेबांनी आपल्या विद्वत्तेने ते खोटे ठरवले. तेच वाक्य आपल्या तोंडून आपल्याच मुलांपर्यंत जाऊ नये. जगज्जेत्याला चुकण्याची मुभा आहे, तेवढीच आपल्या मुलाला द्या. मुलांनो, तुम्हीही डाव हरल्यावर उठून जाऊ नका. सोंगट्या पुन्हा मांडा, चूक कोणत्या खेळीला झाली ते बघा आणि पुढच्या डावाला बसा.



नमो बुद्धाय! जय भीम!