सोसायटीचे कॅमेरे आणि हरवलेले सात सेकंद

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटे दिली आहेत. टँकरचे दिवस, कन्व्हेयन्सच्या खेपा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग हे सगळे माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झाले आहे. मी फक्त एका कार्डाबद्दल बोलणार आहे. एटीएम कार्ड नव्हे हो. २००९ साली आपल्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलेले, कॅमेऱ्यांची चित्रे साठवणारे कार्ड. तेव्हा मी खजिनदार होतो आणि ते निवडण्यात माझी चूक झाली होती. इतिवृत्तात त्याचे एक वाक्य आहे. बाकीचे आज सांगतो.

मी ऑगस्ट २००९ मध्ये बँकेतून निवृत्त झालो आणि सप्टेंबरच्या वार्षिक सभेत तुम्ही मला खजिनदार केलेत. २६/११ ला वर्ष व्हायचे होते. डोंबिवलीत जो तो सोसायटीत कॅमेरे बसवायच्या गोष्टी करत होता. आपणही आठ कॅमेरे बसवायचे ठरवले. तीन कोटेशने आली. सर्वांत कमी आणि त्याच्या वरचे यांच्यात फरक होता २३,००० रुपयांचा. आयुष्यभर टेंडरे उघडलेला माणूस मी. कॅमेरे आठ, वायर तीच, मॉनिटर तोच, मग २३,००० जास्त कशाला? कार्डाच्या ओळीत काहीतरी वेगळे लिहिले होते, ते मी वाचलेही नाही. आणखी बचत म्हणून एका सभासदाच्या ऑफिसातून मोडीत निघालेला पेंटियम ४ कॉम्प्युटर आपण फुकटात घेतला. सभेत टाळ्या पडल्या. मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

डिसेंबरात उद्घाटन झाले. मॉनिटरवर आठ चौकोन, आणि प्रत्येकात माणसे कशी सरळ चालताना दिसत होती! सौ. देखील बघायला आली होती. हे दृश्य लक्षात ठेवा, कारण फसगत इथेच झाली.

मे २०१०. सुट्टीचे दिवस, घरे बदलण्याचे दिवस. बी विंगमधले एक भाडेकरू कुटुंब नाशिकला निघाले होते, त्यांचा टेम्पो स्टिल्टमध्ये लागला होता. त्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीची नवी लाल सायकल गेली. संध्याकाळी आम्ही चौघे कमिटीवाले रेकॉर्डिंग बघायला बसलो. तीन नंबरच्या कॅमेऱ्यात स्पष्ट दिसले : आपले दिवसपाळीचे वॉचमन सायकलचे हँडल धरून उभे आहेत. पुढच्या चित्रात सायकलही नाही आणि वॉचमनही नाहीत.

तुमच्यातल्या जुन्या मंडळींना ते आठवत असतील. एरंडोलकडचे, पन्नाशीचे. सगळी मुले त्यांना मामा म्हणायची. ते म्हणाले, ‘‘साहेब, टेम्पो मागे घ्यायला जागा नव्हती, म्हणून सायकल बाजूला लावली आणि गेट उघडायला गेलो.’’ आम्ही म्हणालो, मामा, कॅमेरा खोटं बोलत नाही. हे वाक्य माझेच होते. दुसऱ्या दिवशी एजन्सीला कळवून त्यांना काढले आणि त्यांच्या ११ दिवसांच्या पगाराचे पैसे सायकलच्या किमतीपोटी अडवून ठेवले. ते व्हाउचरही मीच केले. त्या दिवसाचे रेकॉर्डिंग पुरावा म्हणून सीडीवर उतरवून कपाटात ठेवले.

एकोणिसाव्या दिवशी नाशिकहून फोन आला. अर्धे सामान त्यांनी नातेवाइकांच्या गॅरेजमध्ये टाकले होते. ते सोडवताना गाद्यांच्या मागे एक लाल सायकल निघाली. हमालांनी सामानाबरोबर चढवली असणार. बिचारे दहा वेळा माफी मागत होते.

मग ती सीडी पुन्हा लावली. पहिल्या मजल्यावरचा, तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा शेजारी होता. त्याने चित्र थांबवले आणि कोपऱ्यातल्या वेळेवर बोट ठेवले. मामा हँडल धरून आहेत त्या चित्रावर १०:४२:०६. पुढच्या चित्रावर १०:४२:१३. तो म्हणाला, ‘‘काका, मधले सात सेकंद कुठे आहेत?’’

मंडळी, लेजरमध्ये पाच पैशांचा फरक असला तर मी रात्री नऊपर्यंत बसायचो. आणि तेच चित्र चार वेळा बघून ही वेळेची उडी मला दिसली नव्हती.

त्या मुलाने मग कॉम्प्युटरचे झाकण उघडून मला कार्ड दाखवले आणि समजावले. मी माझ्या भाषेत सांगतो. त्या काळचे कॅमेरे आजच्यासारखे नव्हते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे फ्रेम, वायरीवरून पाठवतो. त्या सिग्नलचे आकडे करून कॉम्प्युटरला देणे हे कार्डाचे काम. आता खोक्यावर दोन आकडे असतात, एक दाखवण्याचा आणि एक नोंदवण्याचा. आपल्या कार्डावर दाखवण्याचा आकडा होता २००, म्हणजे आठ कॅमेऱ्यांना प्रत्येकी २५. म्हणून उद्घाटनाला सगळे सरळ चालताना दिसले. नोंदवण्याचा आकडा होता ५०, तोही आठांत मिळून! भागाकार करा, कॅमेऱ्यामागे जेमतेम सहा. काउंटर आठ आणि पासिंग ऑफिसर एकच, अशी अवस्था. आणि काही खोक्यांवर २४० लिहिलेले असते, ते अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीचे, प्रत्येकी ३० धरून. आपल्याकडे ते कार्ड २०० चेच.

पण सहा म्हणजे सात सेकंदांत ४२ चित्रे हवीत. ती का नव्हती? इथे तो फुकटचा पेंटियम आडवा आला. आपले कार्ड चित्र नुसते आत ढकलायचे, ते दाबून लहान करण्याचे काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर पडायचे. रात्री सगळे शांत असताना त्याला जमायचे. त्या सकाळी टेम्पो, हमाल, जिना, लिफ्ट, गेट, आठही कॅमेऱ्यांपुढे हालचाल. प्रोसेसर शंभर टक्के भरला आणि नोंदी गळाल्या. म्हणजे घडामोड सर्वांत जास्त, तेव्हाच नोंद सर्वांत कमी. चोरी काय शांत वेळ बघून होते?

आणखी एक हिशेब त्याने कागदावर करून दाखवला आणि तो मला पटला, कारण ते निव्वळ गणित होते. पूर्ण आकाराचे, म्हणजे ७२० बाय ५७६ चे, न दाबलेले चित्र सेकंदाला २५ वेळा पाठवले तर एका कॅमेऱ्याचे सुमारे २० मेगाबाइट होतात. आठांचे १६० च्या वर. आणि कार्ड ज्या साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसते त्याची कमाल क्षमताच १३३. म्हणजे असल्या कार्डावर आठही कॅमेरे पूर्ण आकारात, पूर्ण वेगाने चालतील असे कोणी म्हणाला तर तो पाव लिटरच्या भांड्यात अर्धा लिटर दूध देतो आहे.

आपण त्याची परीक्षा कशी घेतली ते ऐका. मी घरातले भिंतीवरचे घड्याळ काढले, सेकंदकाटा असलेले. ते छातीशी धरून मी आठही कॅमेऱ्यांसमोर एकेक मिनिट उभा राहिलो आणि त्याच वेळी मुलांना सगळीकडे पळायला लावले. मग रेकॉर्डिंगमध्ये काटा मोजला. जिन्याच्या कॅमेऱ्यात साठांपैकी २३ सेकंद नव्हतेच. मुलांना मजा वाटली. ए विंगच्या आजींनी विचारले, यांना झालंय तरी काय?

जूनमध्ये विशेष सभा बोलावून मी चूक सांगितली आणि नव्या कार्डाला मंजुरी मागितली. वाचवलेले २३,००० म्हणजे ४८ फ्लॅटांत भागले तर फ्लॅटमागे ४८० रुपयेसुद्धा नव्हते. एक सभासद म्हणाले, सायकल मिळाली ना, मग आता खर्च कशाला? त्यांना मी मामांचे व्हाउचर दाखवले. ठराव मंजूर झाला.

मग त्या मुलाला घेऊन मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. घड्याळ पिशवीत. पहिल्या दोन दुकानांत हसले. तिसऱ्या दुकानदाराने कॅमेरे जोडून चाचणी घेऊ दिली. आम्ही घेतले ते कार्ड चित्र दाबायचे काम स्वतःच्या चिपवर करणारे होते. कॉम्प्युटरला फक्त तयार फाइल डिस्कवर लिहायची. नवा कॉम्प्युटर मात्र कार्ड ठरल्यावर घेतला, आणि तोही कार्डवाल्यांच्या यादीतला मदरबोर्ड बघून. हा क्रम उलटा झाला तर ड्रायव्हर बसत नाही, मशीन मध्येच गोठते आणि कार्डवाला आणि कॉम्प्युटरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. शिवाय या कार्डावर वॉचडॉग होता. मशीन अडकले की ते आपोआप पुन्हा चालू करायचे. याचे मोल काय होते ते तुम्हाला सांगायला नको. 

सगळ्या कॅमेऱ्यांना सारखे वाढायचे नाही, हेही तेव्हा शिकलो. गेटच्या दोन कॅमेऱ्यांना मोठे चित्र, कारण ३५२ बाय २८८ च्या छोट्या चित्रात गाडीचा नंबर वाचता येत नव्हता. जिन्यांना छोटे चित्र चालते. गेटला सेकंदाला ७६८ किलोबिट, बाकी सहांना २५६, असे ठेवले. दिवसाला साधारण ३३ जीबी. ५०० जीबीच्या डिस्कवर १५ दिवस मावले असते. दुकानदार म्हणाला, पुष्कळ झाले. मला पुष्कळ वाटेना. नाशिकचा फोन १९ व्या दिवशी आला होता! म्हणून १ टेराबाइटची डिस्क घेतली, महिनाभराची सोय. आणि विचारून घेतले की ही फाइल पोलिसांच्या कॉम्प्युटरवर उघडेल ना. काही कार्डांची फाइल त्यांच्याच प्लेयरमध्ये उघडते, मग चौकीत सीडी नेऊन उपयोग काय?

मामांचे राहिले. एजन्सी म्हणाली, त्यांनी काम सोडले, गावी गेले. मी जळगावला उतरून एसटीने एरंडोलला गेलो, तिथून रिक्षाने पुढे. पैसे पाकिटात घालून नेले होते. त्यांनी घरात बसवले, चहा दिला. पैसे मोजलेही नाहीत. म्हणाले, ‘‘साहेब, पैशाचं जाऊ द्या. चोरीचा बोल लागला म्हणून एजन्सी मला दुसरीकडं लावत नाही. तसं नाही, असं एक पत्र द्या.’’ ते मला सुचले नव्हते. मी हात हलवत परत आलो, लेटरहेडवर पत्र तयार केले, सेक्रेटरींची सही, शिक्का, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवले. एक प्रत एजन्सीला स्वतः नेऊन दिली. पावती फाइलला आहे. ते आपल्याकडे परत आले नाहीत. आपण तसे विचारले होते, त्यांनी नको म्हटले.

ते कार्ड चांगले चालले. पण त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीपुरता होता आणि एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार काढून घेतला. पुढे वर्षभर ओढले आणि मग आजचा डब्यासारखा रेकॉर्डर आला. आता तोही जुना झाला आहे. नव्या कार्यकारिणीकडे १६ आयपी कॅमेऱ्यांची कोटेशने आली आहेत असे ऐकतो. आता कार्ड नाही, वायर नेटवर्कची, पण प्रश्न तोच आहे. कॅमेरे प्रत्येकी ४ मेगाबिटचे असतील तर सोळांचे ६४ होतात. रेकॉर्डर एकूण किती मेगाबिट आत घेतो, तो आकडा प्रत्येक कोटेशनमध्ये लिहून मागा. स्क्रीनवर दिसते ते बघून सही करू नका. चाचणी सोळाही कॅमेऱ्यांपुढे एकाच वेळी हालचाल करून घ्या. पळायला आता दुसऱ्या पिढीची मुले आहेत.

घड्याळ माझ्याकडे आहे. काल त्यात नवी बॅटरी घातली. कमिटीने कधीही घेऊन जावे, फक्त परत आणून द्यावे.